दक्षिण आफ्रिकेतील तीन प्रवास



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘आफ्रिकेतील प्रवास’ एवढेच कळविले होते. पत्रिकेत तेवढेच छापले गेले. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या बालमंडळींकडे पाहून मला मघापासून थोडे अपराधी वाटत आहे. त्यांना सिंह हवे आहेत, जिराफ हवे आहेत, आणि माझ्यापाशी आज एकही सिंह नाही.

सिंह पाहावयाचे असतील तर त्याची सोय आता चांगली झाली आहे. केपटाउनहून किंवा जोहान्सबर्गहून निघून थेट नैरोबीपर्यंत जाणाऱ्या मोठ्या मालमोटारी असतात. त्यांवर आसने बसविलेली, खाली तंबू, चुली आणि भांडीकुंडी भरलेली. वीस-पंचवीस माणसांचा मेळा त्यातून आठवडेच्या आठवडे प्रवास करतो. व्हिक्टोरियाचा धबधबा, मलावीचे सरोवर, सेरेंगेटीचे माळ हे सारे वाटेवर लागते. संध्याकाळी जेथे मुक्काम पडेल तेथे ज्याने त्याने आपला तंबू उभारावयाचा, भाजी आळीपाळीने चिरावयाची, भांडी आळीपाळीने घासावयाची. यासाठी लोक पदरचे पैसे मोजतात आणि आनंदाने मोजतात. मी त्यांना हसत नाही. उघड्यावर चूल मांडून चार परक्या माणसांबरोबर जेवणे हे एक शिक्षणच आहे.

आपल्या वाशीम जिल्ह्याला तर ते शिक्षण फार जुने आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे ज्यांचे तीर्थ, त्या बंजारा समाजाचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरले. नायकाच्या शब्दाने पडाव पडे आणि त्याच्याच शब्दाने उठे. शेगावची पालखी पंढरपूरला निघते ती पातूरहून मेडशी, शिरपूर जैन, रिसोड या वाटेने आपल्याच जिल्ह्यातून जाते. शेकडो माणसांचा शिधा, पाणी, निजण्याची जागा आणि शिस्त यांचा हिशेब चालता चालता कसा ठेवतात, हे येथे बसलेल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून मी आज जे सांगणार आहे ते तुम्हांला परके वाटणार नाही.

ज्या वाटांवर आज या सहलीच्या गाड्या धावतात, त्याच मुलखात १९१२ आणि १९१३ या दोन वर्षांत तीन प्रवास घडले. पहिला एका महाराष्ट्रीय पुरुषाने आगगाडीच्या खास डब्यातून केला. दुसरा दोन हजारांवर मजुरांनी पायी केला. तिसरा कोणी केला ते शेवटी सांगेन. या तिन्हींना जोडणारी गोष्ट एकच आहे. कोणी कोणाला शब्द दिला आणि तो मोडल्यावर त्याची किंमत कोणी भरली, हीच ती गोष्ट.

पहिल्या प्रवासाचे नायक म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले. पण ते आफ्रिकेला कशासाठी गेले, हे कळावयास थोडे मागे जावे लागेल. १६ नोव्हेंबर १८६० या दिवशी मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ नावाचे जहाज नाताळमधील डर्बन बंदराला लागले. त्यातून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारबद्ध मजूर उतरले. इंग्रजी ‘अ‍ॅग्रिमेंट’चे त्यांनी ‘गिरमिट’ केले आणि स्वतः ते गिरमिटिये झाले. १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक माणसे अशी तेथे गेली. करार पाच वर्षांचा असे. पगार पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दर वर्षी एकेक शिलिंगाची वाढ.

पाच वर्षे संपल्यावर मजूर मोकळा होई. मग तो भाजीपाला पिकवी, फेरी करी, लहानसे दुकान घाली. हे गोऱ्या व्यापाऱ्यांना खपेना. मजूर हवा होता, शेजारी नको होता. म्हणून १८९५ साली नाताळने कायदा केला की, यापुढे येणाऱ्या ज्या मजुराचा करार संपेल त्याने एकतर पुन्हा गिरमिटात शिरावे, नाहीतर हिंदुस्थानात परत जावे. दोन्ही नको असेल तर वर्षाला तीन पौंड कर भरावा. पुढे हा कर मुलांवरही बसला. मुलगा सोळा वर्षांचा आणि मुलगी तेरा वर्षांची झाली की तिचाही कर. आता हिशेब करा. दहा शिलिंग महिना म्हणजे वर्षाचे सहा पौंड. त्यांतले तीन पौंड एका माणसाचा कर. नवरा, बायको, एक मुलगा आणि एक मुलगी असे चौघांचे घर असेल तर बारा पौंड! हा कर वसूल व्हावा म्हणून बसविलेलाच नव्हता. माणूस हताश होऊन पुन्हा मळ्यावर अंगठा उठवील, यासाठी तो होता.

गोखल्यांनी हा प्रश्न हाती घेतला तो भावनेच्या भरात नव्हे. आकड्यांवर त्यांची हुकमत होती. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदे कौन्सिलात ठराव आणून नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याची मागणी केली, ती मान्य झाली आणि जुलै १९११ पासून भरती थांबली. परंतु जे आधी गेले होते त्यांच्या मानेवरचा तीन पौंडांचा जू तसाच राहिला. गांधीजी त्यांना वारंवार लिहीत होते की, आपण एकदा येऊन पाहा. गोखल्यांना मधुमेह होता, प्रकृती ढासळलेली होती. तरीही १९१२ मध्ये विलायतेहून ते निघाले आणि २२ ऑक्टोबरला केपटाउनच्या धक्क्यावर उतरले.

दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने त्यांना सरकारी पाहुणे केले आणि प्रवासासाठी रेल्वेचा खास सलून डबा दिला. १८९३ साली पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असताना पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर ज्या तरुण बॅरिस्टराला डब्याबाहेर ढकलले होते, तोच आता या सलूनमध्ये गोखल्यांचा चिटणीस, दुभाषा आणि सेवक म्हणून बसला होता. केपटाउनच्या नगरभवनात सभा झाली. हिऱ्यांच्या खाणींचे किंबर्ले झाले. जोहान्सबर्गला स्टेशनावर कमान उभारली होती, ती गांधीजींचे स्नेही, जर्मन वास्तुकार हर्मान कॅलनबाख यांनी रचलेली. मानपत्र दिले तेही तेथल्याच खाणीतल्या सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले.

येथे आपल्या कानांना गोड लागेल अशी एक गोष्ट सांगतो. जोहान्सबर्गला कोकणातून गेलेले मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते. त्यांच्यापुढे गोखल्यांनी इंग्रजीत न बोलता मराठीत बोलावे आणि आपण त्याचे हिंदुस्थानी भाषांतर करू, असे गांधीजींनी सुचविले. गोखले हसले. गांधीजींचे हिंदुस्थानी त्यांना ठाऊक होते, पण यांना मराठी कुठून येणार? गांधीजींनी आपला हट्ट सोडला नाही. तेव्हापासून पुढे झांजीबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत गोखले मराठीत बोलत आणि गांधीजी भाषांतर करीत. आफ्रिकेच्या भूमीवर गुजराती माणसाने मराठी भाषणे हिंदुस्थानीत सांगितली आणि ऐकणाऱ्यांत तमिळ, हिंदी, कोकणी असे सगळे होते.

दुसरी गोष्ट एका उपरण्याची. गोखल्यांपाशी न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे होते. खास प्रसंगीच ते अंगावर घेत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या दिवशी ते चुरगळलेले निघाले आणि परीट गाठण्याइतका वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, परीटकामावर मुळीच नव्हता. गुरूची ठेव जळाली तर? शेवटी गांधीजींनी ती इस्त्री केली आणि शाबासकी मिळविली. ज्या रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांचे उपरणे आफ्रिकेतल्या सभेत झळकले होते, याचे स्मरण अशाच एका वसंत व्याख्यानमालेत व्हावे हे योग्यच आहे.

जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवर कॅलनबाखांनी सत्याग्रह्यांच्या कुटुंबांसाठी १९१० मध्ये अकराशे एकर जमीन मोफत वापरावयास दिली होती. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म. तेथे पाहुण्यांसाठी वाहन नव्हते. लॉलीच्या स्टेशनापासून दीड मैल गोखल्यांना चालावे लागले, वाटेत पाऊस आला आणि त्यांना थंडी बाधली. साऱ्या फार्मवर खाट नव्हती. कोठून तरी एक मागून आणली. पण बाकीचे सर्व जमिनीवर निजतात हे कळताच गोखल्यांनी ती खाट बाजूला करविली आणि स्वतःचे अंथरूण भुईवर घातले. गांधीजी आणि कॅलनबाख पाय चेपावयास पुढे आले, तर त्यांनी अंगाला हात लावू दिला नाही. कष्ट काय ते तुम्हीच सोसावे आणि आम्ही मात्र तुमच्याकडून लाड करून घ्यावेत काय, असा त्यांचा रोष होता. सलूनमधून फिरणाऱ्या त्या प्रवाशाने एक रात्र तरी भुईवर काढली.

१४ नोव्हेंबरला प्रिटोरियात गोखल्यांची पंतप्रधान बोथा, स्मट्‌स आणि फिशर या मंत्र्यांशी भेट ठरली. आदल्या रात्री गांधीजींनी चारही प्रांतांतील हिंदी लोकांचा सारा इतिहास टिपून दिला आणि गोखल्यांनी तो उलटतपासणी घेतल्यासारखा घोटला. भेटीला ते एकटे गेले. दोन तासांनी परत आले ते प्रसन्न होऊन. काळा कायदा जाईल, वस्तीच्या कायद्यातील वर्णभेद जाईल, तीन पौंडांचा कर जाईल. तुम्ही आता वर्षभरात हिंदुस्थानला या, असे त्यांनी गांधीजींना सांगितले. गांधीजींना मंत्र्यांची जास्त ओळख होती. ते म्हणाले की, मला एवढा भरवसा वाटत नाही. पण शब्द तुम्हांला दिला गेला आहे, हे पुढे कामाला येईल.

मग डेलागोआच्या उपसागरातून आगबोटीने मोझांबिकचा किनारा धरून सारेजण झांजीबारपर्यंत गेले. वाटेत गोखल्यांनी हिंदुस्थानातील एकेका पुढाऱ्याचा स्वभाव गांधीजींना उलगडून दाखविला. झांजीबारला गांधीजी मागे फिरले आणि गोखले स्वदेशी आले. येथे पहिला प्रवास संपतो.

आता दुसरा. १९१३ साली स्मट्‌स यांनी पार्लमेंटात सांगितले की, नाताळमधील गोरे लोक तयार नसल्यामुळे कर रद्द करता येत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये केपच्या न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह बेकायदेशीर ठरविणारा निकाल दिला होता. आपल्या आयाबहिणी एका कागदाने रखेल्या ठरल्या.

श्रोतेहो, येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते या कथेचे मर्म तेथे आहे. तोपर्यंतच्या सत्याग्रहात तीन पौंडांच्या कराचा समावेशच नव्हता. घेतलेल्या प्रतिज्ञेत मागाहून मनाला येईल ते मागणे घालावयाचे नाही, असा गांधीजींचा नियम. त्यामुळे गिरमिटिये मजूर, म्हणजे सर्वांत गरीब आणि संख्येने सर्वांत मोठा वर्ग, लढ्याच्या बाहेर होता. पण आता कराविषयी शब्द देऊन तो मोडला होता, आणि ज्याला दिला तो माणूस साऱ्या हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून गेला होता. वचनभंगाने कराला सत्याग्रहाचे दार उघडून दिले. सलूनमधल्या पाहुण्याला दिलेल्या शब्दाच्या बळावर मळ्यांतला आणि खाणींतला मजूर रस्त्यावर उतरला.

गोखल्यांनी विचारून घेतले की, तुमच्यापाशी सैनिक किती? गांधीजींनी कळविले की, जास्तीत जास्त पासष्ट-सहासष्ट, कमीत कमी सोळा. पार्लमेंट आणि फौजफाटा असलेल्या सरकारापुढे सोळा! सप्टेंबरात फिनिक्सहून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली, तीत कस्तुरबा होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मग टॉलस्टॉय फार्मवर राहिलेल्या अकरा भगिनी न्यूकॅसलच्या कोळसाखाणींत गेल्या आणि मजुरांशी त्यांच्याच तमिळ भाषेत बोलल्या. खाणी बंद पडू लागल्या.

मजूर खाणमालकांच्या चाळींत राहत. मालकांनी पाणी तोडले, दिवे तोडले. तेव्हा गांधीजींनी सांगितले की, घरे सोडा. घोंगडी आणि अंगावरचे कपडे एवढेच घेऊन निघा. आणि बायकामुलांसह माणसांची रांग लागली. शेकडो झाली, हजारांवर गेली. न्यूकॅसलमध्ये लाझरस नावाच्या एका तमिळ ख्रिस्ती गृहस्थाने आपले लहानसे घर त्यांच्यासाठी खुले केले. ते घर धर्मशाळा झाले. बाकीचे सारे आकाशाखाली.

एवढ्या माणसांना एका जागी बसवून खाऊ घालणे शक्य नव्हते. म्हणून त्यांना ट्रान्सवालच्या हद्दीत नेऊन तुरुंगात पोहोचवावे, आणि कोणी पकडले नाही तर टॉलस्टॉय फार्मपर्यंत चालत जावे, असे ठरले. न्यूकॅसलपासून हद्दीजवळचे चार्ल्सटाउन ३६ मैल. येथून हिंगोलीला जाऊन वर काही मैल चालावे तेवढे. ते दोन दिवसांत गाठले. वाटेचा शिधा माणशी दीड पौंड पाव आणि एक औंस साखर, म्हणजे जेमतेम अडीच तोळे. नियम असे होते: कपडे गरजेपुरते घ्यावे, वाटेत कोणाच्या वस्तूला हात लावू नये, गोरा शिवी देईल, मारील, ते सोसावे, पोलीस धरतील तर धरू द्यावे, मी पकडला गेलो तरी पुढे चालावे.

चार्ल्सटाउन हे हजारभर वस्तीचे गाव आणि त्यात ही हजारो माणसे. बायका-मुलांना घरांत जागा मिळाली, पुरुष मैदानात निजले. हिंदी व्यापाऱ्यांनी तांदूळ-डाळीची पोती आणि मोठी पातेली दिली, मशिदीच्या आवारात चुली पेटल्या. वाढपी गांधीजी स्वतः. कधी डाळ पाणचट होई, कधी भात कच्चा राही, पण पंगत उठून गेली नाही. गावातील आरोग्याधिकाऱ्यांना साथीची भीती होती. त्यांनी घातलेले सफाईचे नियम या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या माणसांनी पाळले. झाडू गांधीजींनी आणि सोबत्यांनी आधी हातात घेतला म्हणून पाळले. पालखीच्या मुक्कामाची व्यवस्था ज्यांनी केली असेल त्यांना हे काम किती कठीण आहे ते सांगावयास नको.

निघण्यापूर्वी गांधीजींनी स्मट्‌स यांच्या कचेरीत टेलिफोन केला. कर रद्द करण्याचे वचन द्या, मी कूच थांबवितो. चिटणिसाने विचारून उत्तर दिले की, जनरलसाहेबांना तुमच्याशी काही कर्तव्य नाही. अर्ध्या मिनिटात संभाषण संपले.

६ नोव्हेंबर १९१३, सकाळी साडेसहा. प्रार्थना झाली आणि तांडा निघाला. पुरुष २,०३७, स्त्रिया १२७, मुले ५७. एकूण २,२२१ माणसे. सर्वांना सारखा वाटा धरला तर रोज दीड हजार किलो पाव लागणार. हद्दीपलीकडच्या फोल्क्सरस्ट गावातील एका गोऱ्या पाववाल्याने हा पाव रोजच्या मुक्कामावर रेल्वेने पोहोचविण्याचे पत्करले. त्याच गावातील काही गोरे बंदुका चालविण्याच्या गोष्टी बोलत होते. पण पाववाल्याने वजनात कसर केली नाही आणि रेल्वेच्या गोऱ्या नोकरांनी डबे अडविले नाहीत. हे सांगितलेच पाहिजे.

रोज वीस ते चोवीस मैल चालून आठ दिवसांत फार्म गाठावयाचे होते. पहिला मुक्काम पामफोर्डला. रात्री सारे निजले असता कंदील घेऊन पोलीस आले. गांधीजींनी शेजारी निजलेल्या पी. के. नायडूंना तेवढे उठविले, सांगितले की कोणाची झोप मोडू नका, पहाटे नेहमीप्रमाणे निघा. आणि ते पोलिसांबरोबर गेले. जामिनावर सुटले, मोटारीने येऊन तांड्याला मिळाले. पुन्हा पकडले, पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा ९ नोव्हेंबरला पकडले ते सुटले नाहीत. चार दिवसांत तीन अटका झाल्या, पण तांडा एकदाही थांबला नाही.

या वाटेवर दोन आयांनी आपली तान्ही बाळे गमावली. एक थंडीवाऱ्याने गेले. दुसरे ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटले आणि वाहून गेले. त्या दोघी रडत मागे राहिल्या नाहीत. गेलेले परत येत नाही, जिवंत आहेत त्यांच्यासाठी चालले पाहिजे, असे म्हणून त्या पुढे निघाल्या. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. गोखल्यांच्या मानपत्रातील अक्षरे सोन्यात कोरली गेली. या दोघींची कोठे कोरली नाहीत.

१० नोव्हेंबरला बाल्फोर स्टेशनावर तीन खास गाड्या उभ्या होत्या. साऱ्यांना पकडून नाताळात परत नेले. तुरुंग पुरेनात, तेव्हा सरकारने खाणींनाच तुरुंग ठरविले आणि खाणीचे मुकादम तुरुंगाचे शिपाई झाले. पाठीवर चाबूक पडले तरी माणसे कामाला लागेनात. संप उसाच्या मळ्यांत पसरला आणि हजारो माणसे त्यात उतरली. तुरुंगातून ताप घेऊन सुटलेली सोळा वर्षांची वल्लिअम्मा फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली.

इकडे गोखले अंथरुणाला खिळलेले. त्यांना दिलेल्या शब्दासाठी तिकडे माणसे चालत होती, हे ते विसरले नाहीत. आजारी शरीराने त्यांनी देशभर वर्गणी उभी केली आणि सी. एफ. अँड्र्यूज व पिअर्सन यांना तिकडे पाठविले. २४ नोव्हेंबरला मद्रासमध्ये व्हाइसरॉय हार्डिंज यांनी उघडपणे सत्याग्रह्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली. शेवटी चौकशी नेमली गेली, आणि १९१४ च्या कायद्याने कर गेला, थकबाकी माफ झाली, विवाह मान्य झाले. पुढे १९१७ मध्ये गिरमिटाची भरतीच थांबली. गांधीजी ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईला उतरले आणि १९ फेब्रुवारीला गोखले गेले. दिलेला शब्द खरा झालेला पाहण्यापुरते ते जगले.

येथे मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण तिसरा प्रवास राहिला आहे. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण आपण तो बहुधा ऐकलेला नसतो.

ज्या वर्षी हे मजूर चालले त्याच १९१३ च्या जून महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटाने तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनीचा कायदा केला. देशातील बहुसंख्य काळ्या माणसांसाठी सुमारे सात टक्के जमीन राखली आणि उरलेल्या भागात त्यांना जमीन विकत किंवा खंडाने घेण्यास बंदी केली. गोऱ्यांच्या शेतावर आपली गुरे बाळगून, अर्धेलीने शेती करून राहणाऱ्या कुटुंबांना सांगितले गेले की, एकतर नोकर व्हा, नाहीतर चालते व्हा. जुलैच्या कडाक्याच्या थंडीत ही कुटुंबे गाड्यांत चीजवस्तू घालून, गुरे-शेळ्या हाकीत रस्त्याला लागली. थांबावयाचे कोठे? प्रत्येक शेत कोणा गोऱ्याचे. गुरे चरली तर गुन्हा.

किंबर्लेला राहणारे सॉल प्लाट्‌ये नावाचे आफ्रिकन पत्रकार त्या हिवाळ्यात या लोकांत हिंडले आणि पाहिले ते त्यांनी १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात एका कुटुंबाची हकिकत आहे. वाटेत त्यांचे मूल दगावले. पुरावयास जमीन नाही. शेवटी रात्रीच्या काळोखात, मालकाला कळणार नाही अशा बेताने, दुसऱ्याच्या जमिनीत चोरून खड्डा खणून त्यांनी ते लेकरू ठेवले.

दुसऱ्या प्रवासातील त्या दोन आया आणि या प्रवासातील ही एक आई, यांच्या दुःखात फरक काय? फरक एवढाच की, पहिल्या दोघींच्या मागे दिला गेलेला एक शब्द होता, तो मागणारा एक गोखले होता, एक व्हाइसरॉय होता, तीस कोटींचा देश होता. या तिसरीला कोणी शब्दच दिला नव्हता. तिचे पुढारीही १९१४ मध्ये विलायतेला दाद मागावयास गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. त्या शिष्टमंडळाचे नेते जॉन दुबे हे गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाचे शेजारी. नोव्हेंबर १९१२ मध्ये गोखले त्यांची ओहलांगे येथील शाळा पाहून आले होते. भेट झाली, पण दोन्ही लढे एकत्र आले नाहीत. गांधीजींच्या तेथल्या सुरुवातीच्या लिखाणात आफ्रिकन माणसाविषयी हलके लेखणारे शब्दही आढळतात. थोरांच्या चरित्रातील हे पान झाकून ठेवल्याने त्यांचे थोरपण वाढत नाही. तो जमिनीचा कायदा जावयास १९९१ साल उजाडावे लागले, आणि सर्वांना मताचा हक्क मिळाला तो एप्रिल १९९४ मध्ये.

आज सहलीची मालमोटार त्याच मुलखातून जाते. संध्याकाळी तंबू पडतात, चुली पेटतात, आणि जमीन कोणाची असे विचारावयास कोणी येत नाही, कारण जागेचे भाडे भरलेले असते. जे जातील त्यांनी अवश्य जावे. सिंह पाहावेत. पण फोल्क्सरस्टचे नाव नकाशात दिसले तर बोट क्षणभर तेथे थांबवावे.

आणि जे जाणार नाहीत त्यांना फार दूर पाहावयाचे कारण नाही. सुगी संपली की आपल्याच तालुक्यांतल्या तांड्यांतून आणि वस्त्यांतून घरेच्या घरे कुलूप लावून परमुलखात कामाला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत पाय बांधलेला असतो. नवरा-बायको, कडेवर मूल, डोक्यावर बोचके, आणि मुक्काम म्हणजे पाचटाची कोपी. गिरमिट गेले, पण माणसाला कर्जाने बांधून राबविण्याची युक्ती साऱ्या जगातून गेली, असे मला म्हणता येत नाही. त्या लेकराची शाळा कोठे आहे, त्या बाईला आजारात औषध कोण देतो, आणि ठरलेला पैसा हातात पडला की नाही, हे विचारणारा कोणी आपल्यात आहे काय?

गोखल्यांनी एक शब्द मिळविला आणि तो खरा होईपर्यंत आजारपणातही त्याचा पाठपुरावा सोडला नाही. आपल्याला सलून मिळणार नाही, मानपत्रही मिळणार नाही. पण आपल्या वेशीवरून जाणाऱ्या माणसाला दिला गेलेला शब्द पाळला जातो की नाही, एवढे तरी आपण पाहू शकतो. पुढच्या वेळी एस. टी. स्टँडवर असे एखादे कुटुंब बोचक्यांवर बसलेले दिसले, तर ते कोठे चालले आहे आणि परत केव्हा येणार आहे, एवढे विचारून पाहा. तेथून सुरुवात होते.